फाउंड्रीचं वीजबिल: भट्टी बदलण्याआधी करायची कामं, पायरीपायरीने

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या मालकाला वीज वाचवायचा विषय काढला, की बोलणं बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर येतं: भट्टीला वीज पुरवणारं नवीन आयजीबीटी पॅनेल किंवा छतावर सोलर. दोन्ही चांगल्या आहेत, दोन्हींना मोठं भांडवल लागतं आणि दोन्हींचा नंबर नंतर येतो. त्याआधी करायची बरीच कामं फुकटात किंवा काही हजारांत होतात, आणि ती न करता सोलर बसवलं तर वाया जाणारी वीजच सूर्यावर चालवल्यासारखं होतं.

हा लेख इंडक्शन फर्नेसवर (विजेच्या कॉइलने धातू वितळवणाऱ्या भट्टीवर) बीड (कास्ट आयर्न) ओतणाऱ्या लहान-मध्यम फाउंड्रीसाठी आहे. महिन्याला १०० ते ५०० टन चांगला माल काढणारा कारखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे. क्युपोलावाल्यांना (कोकवर चालणाऱ्या भट्टीवाल्यांना) भट्टीचा भाग सोडून बाकी सगळं लागू पडेल. उदाहरणांत विजेचा दर ९ रुपये युनिट धरलाय. तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करून स्वतःचा आकडा घाला.

पायरी १: एकच आकडा धरा

महिन्याचं बिल हा आकडा कामाचा नाही. ऑर्डर वाढली की बिल वाढतं, मंदी आली की कमी होतं, आणि दोन्ही वेळा कारखाना किती नीट चालला हे कळत नाही. धरायचा आकडा असा: ग्राहकाकडे गेलेल्या एक टन चांगल्या मालामागे एकूण किती युनिट लागले. वितळवलेल्या टनामागे नव्हे, मोल्डमध्ये (साच्यात) ओतलेल्या टनामागेही नव्हे. गेटमधून बाहेर पडलेल्या आणि परत न आलेल्या टनामागे. या एका आकड्यात भट्टी, गेटिंग (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा), सँड (साच्याची वाळू), कॉम्प्रेसर, माणसांची शिस्त सगळं येतं.

त्याच्या जोडीला दुसरा आकडा भट्टीचा, म्हणजे वितळवलेल्या टनामागे युनिट. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. भट्टीच्या पॅनेलला स्वतंत्र एनर्जी मीटर, तो बहुतेक ठिकाणी असतोच पण कुणी वाचत नाही. आणि चार्जचं, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालाचं, वजन. अंदाजाने टाकलेला चार्ज हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, बाकीचं नंतर.

मग प्रत्येक हीटची (वितळवण्याच्या एका फेरीची) एक ओळ लिहा: सुरू केल्याची वेळ, चार्ज किलोमध्ये (स्क्रॅप, पिग म्हणजे कच्चं लोखंड, रिटर्न म्हणजे कारखान्यातच परत आलेला धातू, वेगवेगळे), सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, टॅपिंगचं (भट्टीतून धातू काढतानाचं) तापमान, आणि भट्टी तयार असूनही थांबली असेल तर किती मिनिटं व का. हा ‘का’चा रकाना सगळ्यांत मोलाचा आहे. ‘मोल्ड तयार नव्हते’, ‘क्रेन अडकली’, ‘केमिस्ट्रीची वाट’, ‘लॅडल (धातू ओतायचं भांडं) गरम नव्हती’ या चार शब्दांच्या नोंदी महिनाभर जमा झाल्या की पुढचं काम कुठे करायचं ते कागदच सांगतो.

याशिवाय कॉम्प्रेसर, सँड प्लांट, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून कास्टिंग साफ करणं) आणि उरलेलं शेड यांना वेगळे मीटर लावा. भट्टी एकूण विजेतला मोठा हिस्सा, बहुतेक ठिकाणी साठ-सत्तर टक्के, खाते. पण उरलेल्यात काय चाललंय ते मीटरशिवाय कुणालाच माहीत नसतं. रविवारी कारखाना बंद असताना मुख्य मीटरचं रीडिंग सकाळी आणि संध्याकाळी घ्या. बंद कारखान्याने खाल्लेली युनिटं बघून बरेच मालक त्याच दिवशी शेडमध्ये फेरी मारतात.

पायरी २: रिजेक्शन आणि यिल्ड, म्हणजे खरा खजिना

मी हे भट्टीच्या आधी मुद्दाम ठेवलंय. नाकारलेल्या कास्टिंगमध्ये वितळवण्याची वीज, सँडची वीज, कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), शॉट ब्लास्टिंग, कधी मशिनिंगसुद्धा खर्च झालेलं असतं. लोखंड परत भट्टीत जातं म्हणून ‘माल वाया गेला नाही’ असं वाटतं. वीज मात्र गेलेली असते, आणि तेच लोखंड पुन्हा वितळवायला नव्याने लागते.

गणित करून बघू. भट्टी टनाला ६२० युनिट घेते असं धरा. यिल्ड, म्हणजे ओतलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये राहिलेला भाग, ६० टक्के, उरलेला रनर-रायझरमध्ये (धातूची वाट आणि आकसणं भरून काढणारा साठा). रिजेक्शन ८ टक्के. तर एक टन चांगल्या मालासाठी १ भागिले (०.६० गुणिले ०.९२) म्हणजे सुमारे १.८१ टन धातू वितळवावा लागतो. त्याची वीज साधारण ११२३ युनिट.

आता भट्टीला हातही न लावता यिल्ड ६५ आणि रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणा. वितळवायचा धातू येतो १.६० टनावर, वीज येते सुमारे ९९४ युनिटवर. टनाला जवळजवळ १३० युनिट वाचले. महिन्याला २०० टन माल जात असेल तर २६ हजार युनिट, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. पॅनेल जुनंच, भट्टी जुनीच. यात सँडची, कोअरची, मजुरीची बचत अजून धरलेलीच नाही.

हे करायचं कसं? सगळ्या पार्टवर एकदम तुटून पडू नका. गेल्या तीन महिन्यांच्या रिजेक्शनचा तक्ता काढा, पार्टनिहाय आणि दोषनिहाय, नगांत नव्हे तर किलोमध्ये. नगांवर बघितलं तर छोटे पार्ट वर येतात, वीज मात्र जड पार्ट खात असतात. बहुतेक ठिकाणी चार-पाच पार्ट आणि दोन-तीन दोष मिळून निम्म्याहून जास्त वजन भरतं. त्यांच्यावरच काम करा.

ब्लो होल (वायूमुळे पडलेली भोकं) असतील तर सँडची ओल, परमिॲबिलिटी (हवा जाऊ देण्याची क्षमता) आणि व्हेंटिंग बघा. सँड ड्रॉप किंवा इन्क्लूजन (धातूत अडकलेली वाळू) असेल तर मोल्डची हार्डनेस, मोल्ड बंद करताना होणारी घासणी, गेटिंगमधला वेग तपासा. कोल्ड शट किंवा मिसरन (धातू नीट न जुळणं किंवा साचा अपुरा भरणं) दिसला की मेल्टर लगेच तापमान वाढवतो. ते करण्याआधी ओतायला किती वेळ लागतोय आणि लॅडल किती थंड आहे ते बघा. श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) असेल तर रायझर मोठा करण्याआधी तो योग्य जागी आहे का आणि एक्झोथर्मिक किंवा इन्सुलेटेड स्लीव्ह (रायझरभोवतीचं वेष्टण) लावून छोटा होईल का हे बघा. स्लीव्हला पैसे पडतात म्हणून ती नको म्हणणाऱ्या खरेदी विभागासमोर रायझरचं वजन गुणिले वितळवण्याची वीज हा आकडा ठेवा.

कास्टिंग सिम्युलेशन आता लहान कारखान्यांच्या आवाक्यात आलंय. स्वतः सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, पार्टमागे पैसे घेऊन करून देणारे आहेत. जड आणि वारंवार चालणाऱ्या चार पार्टचं तरी करून घ्या. ज्या पॅटर्नवर वर्षानुवर्षं ‘असाच रायझर होता’ म्हणून तसाच ठेवलाय, तिथे यिल्डचे पाच-सात टक्के लपलेले असतात.

पायरी ३: भट्टी

बीड खोलीच्या तापमानापासून १४५० अंशांच्या आसपास न्यायला सैद्धांतिकदृष्ट्या टनाला ३८० ते ४०० युनिट लागतात. नीट चालवलेली मध्यम फ्रिक्वेन्सीची भट्टी साडेपाचशे ते सहाशेमध्ये काम करते. तुमचा आकडा साडेसहाशेच्या वर असेल तर सुधारायला भरपूर जागा आहे. कॉइलमधला तोटा, साधारण पाचवा हिस्सा, थंड पाण्यात जातो. त्याला भट्टी बदलल्याशिवाय फारसा उपाय नाही. उरलेला तोटा मात्र आपल्या हातात असतो.

*चार्ज स्वच्छ करा.* रनर-रायझरला चिकटलेली वाळू वजनाच्या दोन ते पाच टक्के सहज असते. ती वाळू तापते, वितळते, स्लॅग होते, आणि त्यासाठी किलोमागे लोखंडाइतकी किंवा जास्तच वीज लागते. वर तो स्लॅग काढायला झाकण उघडं ठेवावं लागतं, लायनिंगही (भट्टीचं आतलं अस्तर) खराब होतं. रिटर्न शॉट ब्लास्ट करून किंवा टंबलिंग बॅरलमधून काढून मगच टाका. गंजलेलं, रंगवलेलं, तेलकट स्क्रॅप स्वस्त मिळतं, पण टनामागे वाढलेली युनिटं आणि मेटल लॉस मोजला तर बहुतेक वेळा ते महागच पडतं. हे तुमच्याच हीटच्या नोंदीवरून तपासता येतं: एक आठवडा एका पुरवठादाराचा माल, दुसरा आठवडा दुसऱ्याचा.

*चार्ज कोरडा आणि योग्य आकाराचा.* ओला किंवा आत पोकळ, बंद तुकडा वितळलेल्या धातूत पडला तर स्फोट होतो. इथे वीज वाचवण्यापेक्षा जीव वाचवण्याचा प्रश्न आहे. तुकडा क्रुसिबलच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा नको, नाहीतर वर अडकून ब्रिजिंग होतं. खाली धातू नको तितका तापत राहतो, वर थंड चार्ज तसाच. ब्रिजिंग झाल्यावर पॉवर वाढवणं हा सर्वांत धोकादायक उपाय आहे. चार्ज दाट भरला की कपलिंग (कॉइलमधून धातूत ऊर्जा जाणं) चांगलं होतं आणि पॅनेल पूर्ण पॉवर देऊ शकतं.

*पूर्ण पॉवरवर लवकर वितळवा.* लायनिंगमधून आणि तोंडातून जाणारी उष्णता वेळेवर अवलंबून असते. तीच हीट ५० मिनिटांऐवजी ७० मिनिटांत झाली तर वीस मिनिटांचा तोटा उगाच भरावा लागतो. म्हणून पुढचा चार्ज भट्टीशेजारी तयार, वजन केलेला हवा. मेल्टर भट्टी चालू ठेवून यार्डात स्क्रॅप शोधत फिरत असेल तर तिथली व्यवस्था आधी बदला.

*झाकण.* हा विषय इतका साधा आहे की कुणी मनावर घेत नाही. ६० सेंटिमीटर तोंडाच्या भट्टीत १४५० अंशांचा धातू उघडा असेल तर केवळ उष्णतेच्या प्रारणाने ४० ते १०० किलोवॅट उष्णता बाहेर पडते; पृष्ठभागावर धातू आहे की स्लॅग, यावर आकडा बदलतो. झाकण बहुतेक ठिकाणी आहे, पण उचलायला जड, गरम, म्हणून बाजूला पडलेलं असतं. उपाय झाकण ‘वापरा’ असा फलक लावणं नाही. फिरणाऱ्या हातावर, एका माणसाला पायाने किंवा एका हाताने सरकवता येईल असं झाकण बनवा, आतून सिरॅमिक फायबर लावा. स्थानिक फॅब्रिकेटर हे आठवड्यात करून देतो. सोपं झालं की लोक वापरतात.

*जास्त तापवू नका.* द्रव बिडाला एक अंश वाढवायला टनाला पाव युनिटच्या आसपास लागतं, भट्टीची कार्यक्षमता धरून युनिटचा तिसरा हिस्सा. ५० अंश जास्त म्हणजे टनाला सोळा-सतरा युनिट. आकडा छोटा वाटतो, पण त्यासोबत वेळ जातो, आणि उच्च तापमानाला लायनिंगमधला सिलिका कार्बनशी प्रक्रिया करतो: कार्बन घटतो, सिलिकॉन वाढतो, लायनिंग झिजतं आणि केमिस्ट्री पुन्हा जुळवावी लागते. प्रत्येक पार्टगटासाठी टॅपिंग तापमान ठरवून भट्टीशेजारी लिहा. तापमान इमर्शन थर्मोकपलने मोजा, नजरेने नाही. टिपवर होणारा खर्च वाचवण्याच्या नादात फाउंड्र्या त्याहून कितीतरी जास्त वीज घालवतात.

*थांबवू नका.* अर्ध्या टनाच्या भट्टीत धातू धरून ठेवायला समजा ७० किलोवॅट लागतात. वीस मिनिटं थांबलं की २३ युनिट गेले, म्हणजे टनाला ४६-४७. दिवसात चारदा असं झालं तर झाकण, चार्ज सगळ्याची मेहनत पाण्यात. म्हणून ‘का’चा रकाना. बहुतेक थांबणं मोल्डिंगमुळे असतं. भट्टी सुरू करण्याची वेळ मोल्डिंग सुपरवायझरने द्यावी, मेल्टरने नव्हे, एवढा एक बदल बऱ्याच ठिकाणी पुरतो. स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टला वेळ लागत असेल तर सॅम्पल आधी घ्या आणि लॅब भट्टीजवळ आणा.

*लायनिंग.* जाड लायनिंगने उष्णता कमी जाते पण कपलिंग बिघडतं. झिजलेल्या लायनिंगने कपलिंग सुधारतं पण तोटा आणि धोका दोन्ही वाढतात. ‘झिजलं की भट्टी जोरात चालते’ हे मेल्टर सांगतात ते खरं आहे, पण त्या लोभाने लायनिंग ओढत नेलं की धातू कॉइलपर्यंत पोचतो. ग्राउंड लीकेज यंत्रणा चालू आहे का ते दर शिफ्टला तपासा.

मग पॅनेल कधी बदलायचं? वरचं सगळं तीन-चार महिने पाळून युनिट-टनाचा आकडा स्थिर झाल्यावर. विक्रेत्याशी बोलताना टक्क्यांची भाषा ऐकू नका. तुमचा चार्ज, तुमचं टॅपिंग तापमान, गरम भट्टी, आणि टनाला किती युनिट याची लेखी हमी मागा; चाचणी तुमच्या शेडमध्ये, तुमच्या काट्यावर. नवीन घ्यायचंच ठरलं तर एकाच पॅनेलवर दोन क्रुसिबलना एकाच वेळी पॉवर देणारी रचना बघा. एकीत वितळवताना दुसरीत धरून ठेवता येतं आणि पॅनेल रिकामं बसत नाही.

पायरी ४: लॅडल

थंड लॅडलमध्ये धातू ओतला की तापमान झपाट्याने पडतं, आणि ते पडणार म्हणून मेल्टर भट्टीतच जास्त तापवतो. म्हणजे लॅडलचा आळस भट्टी भरून काढते. लॅडल नीट, लाल होईपर्यंत गरम करा. उघड्या एलपीजी ज्वाळेऐवजी झाकणाचा प्रीहीटर वापरा, गॅसही कमी लागेल. इन्सुलेटिंग लायनिंग, वर झाकण, आणि भट्टी ते मोल्ड अंतर कमी. भट्टीतून टॅप करताना आणि शेवटचा मोल्ड ओतताना, दोन्ही वेळा तापमान मोजा. हा फरक ८० अंश असेल आणि तो ५० वर आला, तर टॅपिंग तापमान ३० अंशांनी खाली आणायला कारण मिळतं.

पायरी ५: कॉम्प्रेस्ड एअर

हवा फुकट मिळते, कॉम्प्रेस्ड हवा नाही. कारखान्यात ही सर्वांत महाग ऊर्जा आहे आणि सर्वांत बेफिकिरीने वापरली जाते. गळतीची चाचणी अशी करा. जेवणाच्या सुट्टीत किंवा रविवारी, हवा वापरणारं सगळं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा. तो किती वेळ लोड होतो आणि किती वेळ अनलोड राहतो ते घड्याळाने चार-पाच फेऱ्या मोजा. लोडचा वेळ भागिले (लोड अधिक अनलोड) ही गळतीची टक्केवारी. दीड मिनिट लोड, साडेतीन मिनिटं अनलोड असेल तर ३० टक्के. १८० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट), ३० किलोवॅटच्या कॉम्प्रेसरवर ही ५४ सीएफएम गळती. नऊ-दहा किलोवॅट सतत. वर्षाला ६००० तास चालला तर पन्नास हजारांवर युनिट, साडेचार लाखांच्या वर रुपये. १० टक्क्यांच्या खाली गळती ठेवणं सहज शक्य आहे.

गळती बहुतेक वेळा क्विक कपलिंग, फाटलेले होज, ड्रेन व्हॉल्व्ह आणि मोल्डिंग मशिनच्या सिलिंडरच्या सीलमध्ये असते. साबणाचं पाणी आणि खडू घेऊन फेरी मारा, जागा खुणावा, तारीख लिहा, पुढच्या फेरीत तपासा. महिन्याला एक फेरी ठरवून टाका. गळती एकदा बंद केली की कायमची गेली असं कधी होत नाही.

मग दाब. एक बार कमी केला की वीज साधारण सहा-सात टक्के घटते. मोल्डिंगला ६ बार लागतात आणि कॉम्प्रेसर साडेसातवर ठेवलाय, कारण पाइपात दाब पडतो. पाइप मोठा करा, लाइनचा रिंग करा, फिल्टर बदला. दाब वाढवणं हे त्याचं उत्तर नाही. मोल्ड साफ करायला उघड्या नळीने हवा मारणं बंद करा, एअर गनला एन्ट्रेनमेंट नोझल लावा. जिथे नुसता वारा हवाय तिथे ब्लोअर वापरा. कपडे झटकायला कॉम्प्रेस्ड हवा वापरणं तर थेट धोक्याचं आहे. कॉम्प्रेसरची खोली शेकआउटच्या (साचा फोडून कास्टिंग काढण्याच्या) धुळीपासून लांब, गार हवेत ठेवा. आत जाणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज एक टक्का वाढते.

पायरी ६: मोटरी, पंखे, सँड प्लांट, पाणी

इथे भरभर जातो. सँड प्लांटचे कन्व्हेयर, एलेव्हेटर, मिक्सर रिकामे फिरत असतात. सेन्सर आणि टायमरने बंद होतील अशी जोडणी करा, पण क्रम उलटा पडून सँड साचणार नाही याची काळजी घ्या. शॉट ब्लास्टची मशीन अर्धी भरून चालवू नका, ब्लेड झिजले की वेळेवर बदला.

डस्ट कलेक्टरच्या फॅनला ड्राइव्ह लावला आणि वेग १० टक्क्यांनी कमी केला तर वीज सुमारे २७ टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या घनात बदलते. मात्र डक्टमधला वेग इतकाही कमी नको की धूळ तिथेच बसेल. कामगारांच्या फुफ्फुसांशी तडजोड करून वीज वाचवायची नाही. बॅग साफ करायचा पल्स दाबफरकावर ठेवला तर हवाही वाचते.

जळालेली मोटर पुनःपुन्हा रिवाइंड करणं ही सवय सोडा. १५ किलोवॅटच्या चार पोल मोटरची कार्यक्षमता आयई१ दर्जात ८८.७ टक्के, आयई३ मध्ये ९२.१. पूर्ण भाराला ६००० तास चालली तर फरक ३७०० युनिटांच्या आसपास, तेहतीस हजार रुपये वर्षाला, आणि रिवाइंडिंगने आधीची कार्यक्षमताही थोडी घसरलेली असते. जास्त तास चालणाऱ्या मोटरींची यादी आधीच करा आणि ‘जळाली तर आयई३ आणायची, रिवाइंड नाही’ असा निर्णय लिहून ठेवा. जळाल्यावर उत्पादन थांबलेलं असताना कुणी हिशेब करत नाही.

कूलिंग टॉवरचा फॅन थर्मोस्टॅटवर चालवा. पण कॉइलचं पाणी फार गार करू नका, दमट दिवसांत कॉइलवर पाणी सुटतं आणि इन्सुलेशन जातं. भट्टी बंद केल्यावर कॉइलचा पंप लगेच बंद करायचा नाही; वीज गेली तरी पाणी चालू राहील अशी उंचावरची टाकी किंवा डिझेल पंप हवाच. यात बचत शोधू नये.

पायरी ७: बिल वाचायला शिका

उच्चदाब ग्राहकांचं बिल महाराष्ट्रात २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष युनिट भागिले पॉवर फॅक्टर या आकड्यावर, येतं. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर युनिटपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त मोजलं जातं, ०.९९ असेल तर एकच टक्का. दोन लाख युनिटांवर हा फरक साडेआठ हजार युनिटांचा आहे. पण नुसते कपॅसिटर वाढवू नका. भट्टीचं पॅनेल हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) तयार करतं, सहा पल्सच्या पॅनेलमध्ये मुख्यतः पाचवं आणि सातवं, आणि साधे कपॅसिटर त्यांच्याशी रेझोनन्स करून जळतात. आधी हार्मोनिक्स मोजून घ्या, मग डीट्यून्ड रिॲक्टरसह बँक लावा. रात्री भार नसताना बँक चालू राहिली तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो आणि त्याचाही फटका बसू शकतो. बँक ऑटोमॅटिकच हवी.

मागणी शुल्कासाठी मॅक्झिमम डिमांड कंट्रोलर लावा आणि दोन भट्ट्या, मोठा सँड मिक्सर, कॉम्प्रेसर एकदम पूर्ण भारावर येणार नाहीत असा क्रम ठरवा. महिन्यातला एक अर्धा तास सगळ्या महिन्याचं मागणी शुल्क ठरवू शकतो.

वेळेनुसार दर हा आत्ता सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा सवलत होती, म्हणून फाउंड्र्यांनी मेल्टिंग रात्रीवर नेलं. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी १० किलोवॅटवरच्या औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर आणि सौर तासांत स्वस्त वीज हे सूत्र घातलं, आणि महाराष्ट्रातही सवलतीचा भर दिवसाच्या उन्हाच्या तासांकडे, अधिभार संध्याकाळकडे सरकला. नेमके तास आणि दर तुमच्या ताज्या बिलावर बघा आणि मग शिफ्ट ठरवा. रात्रीची मेल्टिंग केवळ सवयीने चालू असेल तर ती दिवसा आणण्याचं गणित आजच करा. कामगारांच्या झोपेसाठीही हा बदल चांगला आहे, आणि रात्रीच्या शिफ्टचं रिजेक्शन दिवसाच्या तुलनेत किती आहे हेही त्याच वेळी तपासा.

पायरी ८: वाळू

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांबद्दल आसपासच्या गावांची मुख्य तक्रार विजेची नसते, टाकलेल्या वाळूची असते. म्हणून शाश्वततेची गोष्ट इथे वाळूपासून सुरू होते. धातूच्या टनामागे किती नवीन वाळू घेता आणि किती बाहेर टाकता, हे दोन आकडे युनिटांच्याच तक्त्यात घाला. ग्रीन सँड आणि रेझिनची कोअर वाळू शेकआउटला जमेल तितकी वेगळी ठेवा. मिसळली की दोन्हींचं पुनर्वापर अवघड होतं. नो-बेक (न भाजता रेझिनने घट्ट होणाऱ्या) वाळूला मेकॅनिकल रिक्लेमेशन चालतं, जास्त रेझिन असेल तर थर्मल लागतं. एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून सामायिक संयंत्राचा विचार करावा. रेझिनचं प्रमाण कमी केलं की वाळू, वास आणि गॅसचे दोष तिन्ही कमी होतात, म्हणजे पुन्हा पायरी २ ला मदत.

पायरी ९: आता सोलर

महाराष्ट्रात एक किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १३०० ते १५०० युनिट देतं आणि सुमारे १०० चौरस फूट छत घेतं. ३०० किलोवॅट बसवलं तर महिन्याला ३३ ते ३७ हजार युनिट. वर बघितलेल्या २०० टनांच्या फाउंड्रीची एकूण गरज तीन-साडेतीन लाख युनिटांच्या घरात असते, तेव्हा छतावरचं सोलर नववा-दहावा हिस्सा भागवेल. तो घ्यावाच, विशेषतः मेल्टिंग दिवसा आणल्यावर. पण बसवण्याआधी छताच्या ट्रसची ताकद इंजिनिअरकडून तपासा, आणि पॅनेल फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) व शेकआउटच्या धुराड्यांपासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. लोखंडाची बारीक धूळ पॅनेलवर बसून गंजते आणि साध्या धुण्याने निघत नाही.

उरलेल्या गरजेसाठी हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस, म्हणजे ग्रिडमार्गे थेट हरित वीज उत्पादकाकडून खरेदी, आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी त्यासाठीची किमान भाराची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. करार करताना व्हीलिंग (वीज वाहून नेण्याचं शुल्क), तोटा, क्रॉस सबसिडी अधिभार आणि बँकिंगचे (जास्तीची वीज ग्रिडवर जमा ठेवण्याचे) तास धरून हातात पडणारा दर काढा, दलालाने सांगितलेला नव्हे.

निर्यातदारांना आणखी एक कारण आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त अहवाल देण्याच्या टप्प्यात होती आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. लोखंड-पोलादाच्या यादीत बिडाचे पाइप आणि फिटिंगसारखी उत्पादनं येतात. जी येत नाहीत त्यांचेही ग्राहक आता टनामागे कार्बन किती हे विचारतात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. पायरी २ मधले १३० युनिट म्हणजे टनाला सुमारे ९० किलो. हीटच्या नोंदी नीट असतील तर हे उत्तर तासाभरात देता येतं.

पायरी १०: कोणी करायचं

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने प्रमाणित केलेल्या ऑडिटरकडून एकदा सविस्तर ऑडिट करून घ्या. पुण्यातल्या महाऊर्जा कार्यालयाकडे राज्यातल्या योजनांची चौकशी करा, त्या बदलत राहतात. पण ऑडिटचा अहवाल कपाटात जाऊ नये यासाठी कारखान्यातलाच एक माणूस नेमा, आणि त्याला दिवसाचे दोन तास या कामासाठी मोकळे द्या. आधीच चार कामं असलेल्या मेंटेनन्स सुपरवायझरच्या डोक्यावर पाचवं ठेवून हे होत नाही.

मेल्टरला सोबत घ्या. झाकण, तापमान, थांबणं, चार्ज भरण्याचा क्रम हे सगळं त्याच्या हातात आहे, आणि त्याला सहसा कुणी आकडे दाखवलेले नसतात. भट्टीशेजारी फळा लावा, कालच्या प्रत्येक हीटचे टनामागे युनिट लिहा. शिफ्टचं नाव लिहा, माणसाचं नको. वाचलेल्या रकमेतला ठरलेला वाटा तीन महिन्यांनी भट्टी, मोल्डिंग आणि फेटलिंग अशा तिन्ही विभागांत वाटा. फक्त मेल्टिंगला बक्षीस दिलं तर कमी तापवलेला धातू पुढे ढकलला जाईल आणि रिजेक्शन वाढेल.

पहिल्या महिन्यात फक्त काटा, मीटर आणि हीटची वही. दुसऱ्यात झाकण, हवेची गळती, रविवारची फेरी. तिसऱ्यात पहिले दोन जड पार्ट घेऊन गेटिंग आणि रिजेक्शन. शिफ्टचं गणित बिल हातात आल्याच्या दिवशी, आणि भट्टीच्या पॅनेलचं कोटेशन चौथ्या महिन्याच्या आधी मागवू नका.